घोड्याला सुट्टी द्या, मग सुया टोचा

घोड्याला रेकी, म्हणजे नुसते हात ठेवून 'ऊर्जा' देण्याचा उपचार, देतात असं सांगितलं की कोल्हापुरात ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, "किती घेतात?" दोन्ही प्रतिक्रिया रास्त आहेत. शहराच्या आजूबाजूला हौसेनं घोडा पाळणारी मंडळी आता दिसू लागली आहेत. त्यांच्या मागोमाग चुंबकाचं ब्लँकेट, लाल प्रकाशाचा दिवा, अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया, होमिओपॅथीच्या गोळ्या, लॅव्हेंडरचं तेल आणि पाठीचे मणके 'बसवून' देणारे हात असा सगळा लवाजमा येतो आहे. दुसऱ्या बाजूला टांगेवाले आहेत, वरातीच्या घोड्या ठेवणारे आहेत, शर्यतवाले आहेत, मेंढरांमागून बिऱ्हाड वाहणारी धनगरांची तट्टं आहेत. यांच्याकडं उपचार पिढीजात चालत आलेले: ओवा-हिंग, हळद-तेल, विटेचा शेक आणि तापल्या लोखंडाचा डाग.

या दोन जगांत वाद नेहमीच्या वळणानं जातो. एक म्हणतो, आपल्याकडं शालिहोत्रांसारखे प्राचीन अश्ववैद्य होते, नकुलाच्या नावावर अश्वशास्त्र आहे, जयदत्ताचं अश्ववैद्यक आहे, मग परदेशातून सुया कशाला आणायच्या? दुसरा म्हणतो, हे सगळं थोतांड, इंजेक्शन द्या आणि मोकळे व्हा. पहिल्यानं ते ग्रंथ उघडून पाहिलेले नसतात. दुसऱ्यानं वेदनाशामकाच्या जोरावर लंगडा घोडा पुन्हा गाडीला जोडलेला असतो. मला यांच्यापैकी कोणाच्याच बाजूनं उभं राहायचं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की घोड्याचं काम न थांबवता त्याच्यावर जो काही उपचार केला जातो, देशी असो वा विलायती, तो मालकाच्या सोयीचा असतो. आणि सुया, गोळ्या, ब्लँकेट असे पूरक उपचार सरकारी दवाखान्यात आणावेत की त्यांच्यावर बंदी घालावी, हा प्रश्न त्याच्या नंतरचा आहे.

आधी या उपचारांतलं जे खरं आहे ते मान्य करू. हात फिरवण्याचा घोड्यावर परिणाम होतो. फ्रान्सच्या दक्षिणेला कामार्ग नावाचा दलदलीचा प्रदेश आहे, तिथल्या घोड्यांवर १९९३ मध्ये एक साधा अभ्यास प्रसिद्ध झाला. घोडे एकमेकांना जिथं दातांनी खाजवतात, म्हणजे मानेच्या मुळाशी, आयाळ संपते तिथं, त्याच जागी माणसानं खाजवलं तर घोड्याच्या हृदयाचे ठोके कमी होतात. दुसरीकडं खाजवलं तर तसे होत नाहीत. आपल्याकडचा कुठलाही जुना मोतद्दार हे न मोजता जाणतो. खरारा करताना त्याचा हात त्या जागी आपोआप थांबतो, घोडं वरचा ओठ लांब करतं, मान खाली सोडतं. आता याच गोष्टीला 'इक्वाइन बॉडीवर्क' म्हणून तासाचे पैसे लागतात. लागोत बापडे. पण खराऱ्याचा खरा फायदा ठोक्यांपेक्षा वेगळा आहे. रोज अर्धा तास अंगभर हात फिरवणाऱ्याला खोगिराखालची सूज पहिल्या दिवशी सापडते. पायाची नस, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, गरम लागली तर घोडं लंगडायच्या आधी कळतं. रोजचा खरारा म्हणजे रोजची तपासणी, आणि ती परक्या थेरपिस्टकडून महिन्यातून एकदा होत नाही.

मधाचंही तसंच. जखमेवर मध लावणं हा आजीबाईचा बटवा समजला जायचा. २०२० मध्ये इस्रायलमधल्या पशुवैद्यांनी घोड्यांच्या फाटलेल्या जखमा शिवताना आत वैद्यकीय दर्जाचा मध घालून पाहिला, आणि त्या जखमा अधिक चांगल्या भरल्या. इथं 'वैद्यकीय दर्जाचा' हे शब्द महत्त्वाचे. तो मध निर्जंतुक केलेला असतो. भुदरगड तालुक्यातलं पाटगाव 'मधाचं गाव' म्हणून नावाजलं गेलंय, तिथला मध खायला उत्तम. पण बाटलीतला कच्चा मध खोल जखमेत ओतणं वेगळं.

बाकीच्यांचं काय? स्वीडनच्या कृषी विद्यापीठातल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसोबत २०२१ पासून प्राण्यांवरच्या पूरक उपचारांचे प्रसिद्ध झालेले अभ्यास एकेक करून चाळले. निष्कर्ष निराश करणारा होता: बहुतेक उपचारांचा पुरावा तोकडा, अभ्यास लहान, तुलना कच्ची. होमिओपॅथीबद्दल तर ब्रिटनमधल्या पशुवैद्यांच्या रॉयल कॉलेजनं २०१७ मध्येच सांगितलं की तिला ठोस शास्त्रीय आधार नाही आणि तिच्यापायी खऱ्या उपचाराला उशीर होता कामा नये. सुयांबद्दलचं चित्र थोडं बरं असलं तरी धूसरच आहे. पाठदुखीसाठी पशुवैद्य त्या वापरतात, काहींना गुण दिसतो. मी त्या पशुवैद्याला अडवणार नाही. मात्र दोन दिवसांच्या कोर्सचं प्रमाणपत्र भिंतीवर लावून बसलेल्याला नक्की अडवीन.

"पण माझ्या घोड्याला गुण आला की!" हे उत्तर मात्र सगळीकडं एकच मिळतं. घोड्याला गोळीचं नाव कळत नाही, मग त्याला मनाच्या समजुतीनं बरं कसं वाटेल, असंही वर विचारलं जातं. प्रश्न चांगला आहे. समजूत घोड्याची नसतेच, बघणाऱ्याची असते. पैसे भरलेला, आशा लावून बसलेला मालक घोड्याची चाल बघतो तेव्हा त्याला ती सुधारलेली दिसते. शिवाय किरकोळ मुरगळ पंधरा दिवसांत आपसूक बरी होते. त्या पंधरा दिवसांत जो उपचार चालू असेल त्याला श्रेय मिळतं. आणि घोडा हा मूळचा शिकार होणारा प्राणी, दुखणं लपवणं त्याच्या रक्तात आहे. कळपातला लंगडा आधी लांडग्याच्या तोंडी जातो.

ते लपवलेलं दुखणं ओळखायची रीत मात्र आता उपलब्ध आहे आणि ती फुकट आहे. २०१४ मध्ये इटलीतल्या संशोधकांच्या पुढाकारानं घोड्याच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची एक पट्टी तयार झाली. कान ताठ होऊन मागं वळलेले, पापणी अर्धवट मिटलेली, डोळ्यावरचा भाग आक्रसून तिथलं हाड उठून दिसणारं, गालाचे स्नायू आवळलेले, ओठ घट्ट होऊन हनुवटी पुढं आलेली, नाकपुड्या ताणलेल्या. सहा खुणा. रंकाळ्यावर संध्याकाळी पोरांना फेरी मारून आणणाऱ्या घोड्याकडं दोन मिनिटं या नजरेनं बघा. पोरगं फोटोला हसत असतं, घोड्याचा गाल दगडासारखा. असा चेहरा दिसला की सुई, गोळी, तेल यांच्या आधी एकच गोष्ट करायची असते: त्याला घरी न्यायचं.

आता डाग. आपल्या परंपरेचा अभिमान बाळगताना या एका गोष्टीवर आपण गप्प बसतो. पुढच्या पायाच्या मागच्या बाजूला, गुडघा आणि खालच्या सांध्याच्या मधे, केस न उगवलेल्या आडव्या रेघा दिसल्या तर तिथं तापलेलं लोखंड टेकवलेलं आहे असं समजायचं. "डागलं की रग उतरती, रगत फिरतं," असं सांगणारी माणसं दुष्ट नसतात, त्यांच्या वडिलांनी हेच केलेलं असतं. आणि हे फक्त आपलंच अडाणीपण म्हणून मान खाली घालायचंही कारण नाही, कारण इंग्लंडातल्या शर्यतीच्या घोड्यांचे पाय तिथले नोंदणीकृत पशुवैद्य याच पद्धतीनं डागत असत. तिथं ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी ते तपासलं. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातून निघालं की डागानं नस लवकर भरत नाही. जो काही गुण येतो तो डागल्यानंतर सक्तीनं मिळणाऱ्या विश्रांतीचा. डागलेला घोडा कामाला जोडताच येत नाही, म्हणून तो बरा व्हायचा!

मला हा या सगळ्या विषयाचा गाभा वाटतो. चटके देऊन आपण घोड्यासाठी सुट्टी मिळवत होतो. आजचं चुंबकाचं ब्लँकेट त्यापेक्षा दयाळू आहे यात शंका नाही, पण त्यात एक खोट आहे: ब्लँकेट रात्री घालता येतं आणि सकाळी घोडा पुन्हा गाडीला. पुढच्या पायाची नस फाटली तर ती नीट भरायला नऊ महिने ते वर्ष लागतं. तेही ठाणबंद करून नव्हे, हळूहळू वाढवत नेलेल्या चालण्यातून. त्या वर्षाला पर्याय म्हणून जे काही विकलं जातं त्याच्याकडं संशयानं बघावं.

'जडीबुटी आहे, अपाय तर नाही ना' हे दुसरं लाडकं वाक्य. सर्पगंधा आपल्या सह्याद्रीतली. तिच्या मुळीतून रेसर्पिन निघतं, आणि ते घोड्याला इतकं सुस्त करतं की आंतरराष्ट्रीय स्पर्धांत त्याच्यावर बंदी आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन पायाला चोळलं की घोड्याची कातडी हुळहुळी होते, मग अडथळ्याच्या दांडीला पाय लागू नये म्हणून तो उंच उडतो. २००८ च्या ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीच्या स्पर्धेत चार घोडे या एका पदार्थामुळं बाद झाले. वनस्पतीत ताकद असते म्हणूनच तिचं औषध होतं, आणि ताकद असते म्हणूनच मात्रा चुकली की ती मारते. डीजेच्या भिंतीसमोर घोडी गप्प उभी राहावी म्हणून 'काहीतरी आयुर्वेदिक' मागणारा माणूस घोडीवर उपचार करत नसतो.

आपल्या जिल्ह्यापुरतं एक जास्त सांगायला हवं. कोल्हापूर हा दुधाचा जिल्हा, इथं जनावरांच्या औषधपाण्याचं सगळं ज्ञान गाई-म्हशींभोवती फिरतं. कोरफड, हळद आणि चुन्याचा लेप कासदाहावर वापरायचा, हे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळसुद्धा आता सांगतं. छान आहे. पण म्हशीला मानवलं म्हणून घोड्याला मानवेल असं नाही. म्हैस रवंथ करते, घोडा करत नाही. त्याचं आंबवण्याचं काम मोठ्या आतड्यात चालतं, आणि त्याला ओकता येत नाही. गुरांच्या आणि कोंबड्यांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं द्रव्य घातलेलं असतं. त्यांना ते चालतं, घोड्याच्या हृदयाचे स्नायू मात्र त्यानं निकामी होतात, थोड्या मात्रेतही. पोटशूळ उठला म्हणून घोड्याचं तोंड वर करून बाटलीनं तेल-ओवा ढोसला आणि तो घोट श्वासनलिकेत गेला, तर पोटदुखीचं घोडं न्यूमोनियानं मरतं. पशुवैद्य तेच तेल नाकातून नळी घालून थेट पोटात सोडतो. औषध तेच, फरक हाताचा.

निदानाचा आग्रह मी धरतो तो यासाठीच. नाकातून शेंबूड वाहतोय म्हणून निलगिरीचा वाफारा देणं साध्या सर्दीत ठीक. पण तो शेंबूड ग्लँडर्सचा असला तर? तो रोग माणसाला होतो आणि माणूस त्यानं दगावू शकतो, वाफारा देणारा पहिला. अकलूज, सारंगखेडा, माळेगाव अशा बाजारांतून घोडी येतात-जातात, त्यांच्याबरोबर रोगही प्रवास करतात. त्या बाजारांत देवमण कुठं आहे, घोडा पंचकल्याणी आहे का, भोवरा शुभ की अशुभ, यावर तासन्‌तास चर्चा होते आणि किंमत ठरते; रक्ततपासणीचा कागद क्वचित कोणी मागतो. किंवा धनुर्वात घ्या. नाल ठोकताना खिळा जिव्हाळी लागला आणि त्या भोकात शेण भरलं, की त्या रोगाला आपण पाट मांडून बसवलं. घोड्याइतका धनुर्वाताला बळी पडणारा पाळीव प्राणी दुसरा नाही. लस आहे, स्वस्त आहे. 'आम्ही होमिओपॅथीचे थेंब देतो, लस नको' असं म्हणणाऱ्या हौशी मालकाशी मी वाद घालत नाही, त्याला एकदा धनुर्वात झालेलं घोडं बघून ये म्हणतो: चारी पाय लाकडासारखे फाकलेले, शेपूट ताठ, डोळ्यावर आतला पडदा सरकलेला.

कायदा याबाबत मुका नाही. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार पशुवैद्यकी करायचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यालाच आहे. किरकोळ सेवा पदविकाधारकांना देता येतात, त्याही पशुवैद्याच्या देखरेखीखाली. ब्रिटनमध्ये १९६६ पासून असाच कायदा आहे. तिथं सुया टोचणं आणि होमिओपॅथी देणं पशुवैद्याशिवाय कोणालाच करता येत नाही, आणि मालिश-व्यायामवाल्यालाही आधी पशुवैद्याचा होकार लागतो. आपल्याकडं हीच रीत लावायला नवा कायदा नको. सुई घेऊन तबेल्यात शिरणाऱ्याला 'तुमच्या नोंदणीचा क्रमांक?' एवढं विचारलं तरी पुरे. मालिश करणाऱ्याला, अंग चोळणाऱ्याला खुशाल करू द्या, घोडा आधी पशुवैद्यानं बघितलेला असला म्हणजे झालं.

आणि 'समग्र' हा शब्द वापरायचाच असेल तर तो खुरापासून वापरावा. दर सहा-आठ आठवड्यांनी खूर कापून, नाल काढून पुन्हा बसवायला हवी. पण गळीत हंगाम सुरू झाला की नालबंद ऊसवाहतुकीच्या बैलांमागं असतो, घोड्याचा खूर वाढत राहतो, वाढलेल्या खुरानं सांधा तिरका पडतो, आणि मग मालक सांधेदुखीचं तेल शोधत फिरतो. पावसाळ्यात शेणामुतात उभ्या राहिलेल्या घोड्याच्या खुराची पुतळी, म्हणजे तळाचा मऊ भाग, कुजते. त्यावर सुगंधी तेल चोळण्याआधी खाली मुरूम टाकून चढ करावा. उसाचं वाडं फुकट मिळतं म्हणून तेच घातलं जातं, वर लाडानं गूळ. वाड्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम पळवतं, कोंड्याचा अतिरेक त्यात भर घालतो आणि साखरेनं संवेदनशील घोड्याच्या खुरात दाह उठतो. या कशावरही पाटी लावून दुकान टाकता येत नाही, म्हणून याला कोणी थेरपी म्हणत नाही. माझ्या मते जिल्ह्यातला चांगला नालबंद हा आपला सर्वांत मोठा 'पूरक उपचारक' आहे, आणि त्याच्या पोराला हा धंदा करायचा नाही.

इथं टांगेवाला मला अडवतो आणि त्याचं म्हणणं बिनतोड आहे. "डाक्टर सांगतो सा म्हैनं बांधून ठेव. बांधून ठिवलं तर त्याला घालू काय आन्‌ मी खाऊ काय?" मोठ्या शहरातले प्राणिमित्र यावर 'मग घोडाच ठेवू नका' म्हणतात. मुंबईत २०१५ मध्ये उच्च न्यायालयानं हौसेच्या फेऱ्या मारणाऱ्या व्हिक्टोरिया बंद करायला लावल्या. देशात घोडे आणि तट्टं २०१२ च्या पशुगणनेत सव्वासहा लाखांच्या आसपास होती, २०१९ मध्ये ती साडेतीन लाखांच्याही खाली आली. म्हणजे प्रश्न आपोआप मिटत चाललाय असंही कोणी म्हणेल. पण उरलेले घोडे आज कामाला जोडलेले आहेत, ते संपायची वाट बघणं ही कसली दया! राजर्षी शाहू महाराज स्वतः खडखडा या घोडागाडीत बसून नवी घोडी तयार करत, हे आपण कौतुकानं सांगतो. त्या पागेत आजारी घोड्याला बाजूला ठेवायला दुसरी घोडी होती. टांगेवाल्याकडं एकच असतं.

म्हणून सुट्टीचा खर्च वाटून घ्यायला हवा. वरातीच्या घोडीचं भाडं ठरवताना तिच्या मालकांनी एकत्र येऊन दर वरातीमागं ठरावीक रक्कम बाजूला काढली, तर लंगड्या घोडीच्या चंदीची सोय होते. नवरदेवाच्या बापाला डीजेच्या बिलापुढं ती जाणवणारही नाही. रंकाळ्यावर, पन्हाळ्यावर फेऱ्या मारणाऱ्या घोड्यांना परवाना देताना पशुवैद्याचा दाखला आणि आठवड्याची सुट्टी या अटी घालता येतील. जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात आठवड्यातला एक वार घोड्यांसाठी राखून ठेवता येईल, म्हणजे म्हशींच्या रांगेत बिथरणारं घोडं बाहेरच्या बाहेर परत जाणार नाही. त्याच दिवशी तिथं एक नालबंद बसवावा, दोन-चार तरुण हाताखाली देऊन. सुया शिकलेला पशुवैद्य मिळाला तर त्यालाही तिथंच एक खुर्ची द्यावी, आणि त्यानं प्रत्येक घोड्याची चाल उपचाराआधी आणि नंतर मोबाईलवर चित्रित करून ठेवावी. ती चित्रफीत मालकानं नव्हे, उपचार कोणता झाला हे ठाऊक नसलेल्या दुसऱ्या पशुवैद्यानं बघावी. वर्षाकाठी निदान आपल्या जिल्ह्यापुरतं तरी समजेल, गुण सुईला येतोय की सुट्टीला.

शर्यतवाल्यांचं काय करायचं, हे अवघड आहे. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२३ मध्ये वाट मोकळी केली ती बैलगाडी शर्यतींची. घोडागाड्यांच्या आणि घोडा-बैल जोडीच्या शर्यती गावोगाव त्याच उत्साहात लावल्या जातात. तिथं बक्षिसाची रक्कम इतकी आणि इर्षा अशी की सुट्टीचा सल्ला कोणी ऐकत नाही. तिथं मला माझ्या सगळ्या समजूतदारपणाचा कंटाळा येतो, आणि धावपट्टीवर उभ्या असलेल्या पशुवैद्याच्या हातात शिट्टी असावी असं वाटतं. घोडा चालवून बघायचा, पाय चाचपायचे, लंगडला की गाडी बाहेर, मालक कोणाचाही पाहुणा असो. संयोजक म्हणतात, असा पशुवैद्य मिळत नाही. मिळतो, त्याला जत्रेच्या व्यासपीठावर हार घालून बसवलेलं असतं.